फुली म्हणजे हिरवा

मी एक जुनी रंगपेटी आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव संशयी आहे. कुणी मला उचलून नाकाशी धरलं आणि "वा, काय वास आहे" म्हणालं, की मला आधी वाटतं, याला नक्की हवंय काय? कुणी माझ्या झाकणांवरून हात फिरवून कौतुक केलं, की मी मनातल्या मनात ताडून बघते, यात खरं किती आणि तोंडदेखलं किती. तुम्ही म्हणाल, पेटीला कशाला हव्यात या उठाठेवी? पण ज्या बाईच्या हाताखाली मी बावीस वर्षं काढली, तिच्याकडून हा स्वभाव मला लागला. तिला तो का लागला हे ऐकलंत, तर तुम्हीही तिला नावं ठेवणार नाही.

माझा जन्म ओलिनालाचा. डोंगरातल्या आमच्या या गावात घरोघरी पेट्या आणि तबकं बनतात. माझं लाकूड लिनालोएचं. या झाडाच्या ढलप्या ट्रंकेत टाकल्या तर कपड्यांना वर्षभर वास राहतो. मला घडवलं फिदेन्सिओने. आधी लाकडावर माती आणि चियाच्या तेलाचा लेप, त्यावर रंगाची भुकटी, मग गुळगुळीत दगडाने घोटाई. तो थर वाळला की वर दुसऱ्या रंगाचा थर आणि पुन्हा घोटाई. मग टर्कीच्या पिसाच्या देठात बसवलेला हुइसाचेचा, म्हणजे बाभळीसारख्या झाडाचा, काटा घ्यायचा आणि वरचा थर खरवडत जायचं. जिथे खरवडाल तिथे खालचा रंग दिसतो. जिथे सोडाल तिथे ससा, फूल, पक्षी उठून उभा राहतो. तो नुसता दिसत नाही, बोटालाही लागतो.

खरवडण्यात फिदेन्सिओच्या थोरल्या बहिणीचा, फ्रोसिनाचा, हात धरणारं गावात कोणी नव्हतं. फिदेन्सिओला काटा कसा धरायचा हे तिनेच शिकवलं होतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी साखरेच्या दुखण्यात तिची नजर गेली. आधी एक डोळा, मग दुसरा. दोन वर्षं ती आतल्या खोलीत पडून होती. मग एक दिवस उठली आणि काटा मागितला.

हात शाबूत होता. डाव्या हाताचं बोट पुढे आणि उजव्या हातातला काटा मागे, अशी ती कडेकडेने खरवडत जायची. अडत होतं ते रंगापाशी. रंगाची भुकटी बोटाला सगळी सारखीच, पिठासारखी. म्हणून विचारावं लागायचं. "हा लाल ना?" "हो, लालच." पुढे काय करणार? हो म्हणणाऱ्यावर विश्वास टाकायचा. आणि फ्रोसिनाला दर वेळी वाटायचं, हा हो जरा फारच पटकन आला.

एका गुरुवारी सगळे पोसोले, म्हणजे मक्याचा रस्सा, खात बसले असताना तिने विषय काढला. "फिदे, मला एक पेटी करून दे. अशी, की मला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही."

"एरवी बघता की काय तुम्ही?" एर्लिंदा म्हणाली. एर्लिंदा म्हणजे फिदेन्सिओची बायको. तिच्या जिभेला हाड नव्हतं.

फिदेन्सिओने बायकोकडे डोळे वटारले. फ्रोसिनाला मात्र हसताहसता ठसका लागला.

पंधरा दिवसांत मी तयार झाले. आत सहा वाट्या, प्रत्येकीवर झाकण, आणि झाकणांवर फिदेन्सिओने जीव ओतून केलेलं काम. लालावर गुलाब, हिरव्यावर पान, पिवळ्यावर सूर्यफूल, निळ्यावर पक्षी. शेजारपाजारचे बघायला आले आणि मी फुगून बसले. फ्रोसिनाने गुलाबावर बोट फिरवलं. मग सूर्यफुलावर. मग परत गुलाबावर.

"हा कोबी आहे का रे?"

"गुलाब आहे, ताई."

"आणि हा?"

"सूर्यफूल."

"दोन्ही कोबीच आहेत. पेटी माझ्यासाठी म्हणून केलीस आणि केलीस ती डोळ्यांसाठी."

फिदेन्सिओचं तोंड एवढंसं झालं. माझंही झालं असतं, मला तोंड असतं तर.

मग त्याने वासाची युक्ती काढली. लाल भुकटीत दालचिनी, पिवळ्या भुकटीत संत्र्याची वाळवलेली साल, काळीत कॉफी. फ्रोसिनाने एकेक वाटी हुंगली आणि सहाही वेळा एकच उत्तर दिलं, "लिनालोए." माझाच वास एवढा दांडगा की दालचिनी बिचारी त्यात बुडून गेली. फिदेन्सिओ दिवसभर त्याच लाकडाच्या भुशात बसणारा. त्याच्या नाकाला तो वास आता वास म्हणून कळतच नव्हता. ओलिनालाबाहेरच्या माणसाने ही चूक केली नसती. फ्रोसिनाने मला थोपटलं आणि म्हणाली, "हिला स्वतःपुढे कुणाचं काही चालू द्यायचं नाही." मला ते लागलं, पण खोटं नव्हतं.

शेवटी ती म्हणाली, "आण तो काटा. आणि वरची सगळी फुलं घोटून सपाट कर."

सपाट झालेल्या झाकणांवर, फिदेन्सिओ घरात नसताना, तिने स्वतः खुणा केल्या. पांढऱ्याला एक आडवी रेघ. लालाला दोन. पिवळ्याला तीन ठिपके. हिरव्याला फुली. निळ्याला लाट. काळ्याचं झाकण तिने कोरंच ठेवलं. "काळा मला न सांगता कळतो," ती मला म्हणाली. तीच खूण तिने प्रत्येक वाटीच्या आतल्या कडेलाही केली.

"झाकणं सुटी नकोत," रात्री ती फिदेन्सिओला म्हणाली. "ज्याच्या त्याच्या वाटीला चामड्याच्या वादीने बांधून टाक. कुणी अदलाबदल केली तर?"

"कोण करणार गं ताई, इथे आपणच तर आहोत."

"कोणी नाही करणार. तरी बांध."

मित्रांनो, माझ्यात जे काही शहाणपणाचं आहे ते असं संशयातून आलंय. विश्वासाने केलं तेव्हा दोन्ही वेळा माझं काम फसलं होतं.

पण एवढ्यावर संपलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फिदेन्सिओने वाद्या बांधायला मला उचललं, माझ्या झाकणांवरच्या रेघा पाहिल्या, आणि मायेने दगड घेऊन त्या घोटून टाकल्या. वर हलका लेपही दिला. आमच्याकडे नवा काटा आधी कुठल्यातरी फालतू तुकड्यावर ओढून बघायची पद्धत आहे. त्याला वाटलं, ताईने या झाकणांवर काट्याची धार बघितली. असली ओरखडलेली पेटी आपल्या घरातून कशी जाऊ द्यायची? फ्रोसिनाने मला हातात घेतलं, सहाही झाकणांवरून अंगठा फिरवला आणि तिला सहा काळे रंग मिळाले.

"फिदे, हिला परत हात लावशील तर बघ," ती म्हणाली आणि पुन्हा काटा घेऊन बसली. त्याने कान पकडले. मला वाटलं, संपलं प्रकरण.

त्यानंतरची सहा वर्षं माझ्या ऐन उमेदीची. सकाळी ती मला मांडीशी घ्यायची, अंगठा झाकणांवरून पळायचा, आणि हवी ती वाटी उघडायची. कुणाला काही विचारणं नाही. तिची तबकं बाहेरगावी जायला लागली. घरी माणसं येऊ लागली आणि यायची ती हरखून जायची. "डोळे नसताना एवढं सुंदर!" प्रत्येक जण हेच म्हणायचा. एकानेही कधी म्हटलं नाही की सशाचा कान लांब झालाय, किंवा कोपरा रिकामा वाटतोय. फ्रोसिना मान डोलवायची आणि माणूस गेला की मला म्हणायची, "कामाकडे कुणी पाहिलं का गं? की सगळे माझ्या डोळ्यांकडेच बघत होते?"

मग एक दिवस तिच्या हाताला काहीतरी लागलं. आदल्या आठवड्यात संपवलेलं तबक ती कापसाने पुसत होती आणि पक्ष्याच्या डोळ्यापाशी तिचं बोट थांबलं. डोळ्याभोवती एक बारीक कडं होतं. तिने ते काढलं नव्हतं. ती पक्ष्याला नुसता ठिपका देते, कडं देत नाही, हे मला माहीत आणि तिला माहीत. तिने तबकभर बोट फिरवलं. एका पानाची कड तिच्या कडेपेक्षा बारीक होती. एका फुलाची पाकळी जरा जास्तच गोल.

तिने तबक जागच्या जागी ठेवून दिलं. पण त्या दिवसापासून घरात पावलं वाजली की ती काम थांबवून ऐकायची. कोण आलं, किती वेळ थांबलं, कशाजवळ थांबलं. जेवताना एखाद्याचा शब्द अडखळला तरी तिचा घास थांबायचा. आणि माझ्याही मनात पाल चुकचुकली.

खरं सांगते, माझा संशय एर्लिंदावर होता. फ्रोसिना घरात नसली की एर्लिंदा येऊन माझ्यावरचं कापड काढायची. निक्स्तमालच्या, म्हणजे मका भिजवायच्या, चुन्याने फुटलेली तिची बोटं मला लांबूनच कळायची. ती एकेक वाटी उघडायची, आत डोकावायची, बोटाने काहीतरी टिपायची आणि गुपचूप बंद करायची. कशाला? तिला रंगाशी काय देणंघेणं? ती तर चुलीपुढून कधी हलत नसे. शिवाय तिखट जीभ तिचीच. मी मनातल्या मनात तिला गुन्हेगार ठरवूनही टाकलं. पेटीला बोलता येत नाही म्हणून बरं, नाहीतर मी त्या बाईवर किती मोठा आळ घेतला असता.

सप्टेंबर संपत आला. चार ऑक्टोबरला संत फ्रान्सिस्कोची जत्रा असते. गावातले सगळे कारागीर चौकात आपापलं काम मांडतात आणि ज्याने खरवडलं त्याचं नाव खाली लिहितात. नजर गेल्यापासून फ्रोसिनाने नाव लावलं नव्हतं. तिची तबकं घराच्या नावावर जात होती. त्या वर्षी फिदेन्सिओच मागे लागला. "ताई, यंदा तुझं नाव लावायचं. सगळे विचारतात."

ती "बघू" म्हणाली. मग दुपारी घरात कोणी नसताना माझी झाकणं चाचपत स्वतःशीच बोलली. "नाव लावायचं तर काम माझं हवं. दुसऱ्याच्या हातावर मी माझं नाव लिहायचं? त्यापेक्षा काटा चुलीत घालीन आणि उद्यापासून मका सोलत बसेन." तिचा आवाज असा होता की ती खरंच तसं करील, यात मला शंका राहिली नाही.

मग तिने नवं तबक घेतलं. हरीण, झाड, आणि वर सूर्य. सूर्याच्या जागी तेल लावलं आणि अंगठा माझ्या झाकणांवर फिरवला. तीन ठिपक्यांवर तो थांबला. मग पुढे सरकला आणि फुलीवर आला. तिथेही थांबला. तिने फुलीचं झाकण उघडलं, चिमूट घेतली आणि सूर्यावर हिरवा रंग दाबला. मी चक्रावले. इतक्या वर्षांत तिचा अंगठा कधी चुकला नव्हता. मग तिच्या ओठाच्या कोपऱ्यात बारीकसं काहीतरी हललं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सापळा. तिने सूर्य घोटला, दोन दिवसांनी खरवडून पुरा केला, तबक मुद्दाम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवलं, आणि रविवारी प्रार्थनेला निघून गेली. जाताना म्हणाली, "झालं एकदाचं. हेच ठेवू जत्रेत."

घर शांत झालं. मी कापडाखाली वाट बघत होते. चुन्याने फुटलेल्या बोटांची.

कापड उचललं गेलं. तीन ठिपक्यांचं झाकण उघडलं. आणि आत आलेली बोटं फुटलेली नव्हती. त्याच बोटांनी मला तासलं होतं, घोटलं होतं, माझ्या वाट्या कोरल्या होत्या. फिदेन्सिओ. त्याने हिरवा सूर्य खरवडून काढला, पिवळी भुकटी दाबली आणि अगदी हळुवार घोटली. काम करताना तो सुस्कारे टाकत होता. चोरी करणारा माणूस इतक्या मायेने करतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. घाईत त्याने हात झटकला तेव्हा पिवळे कण लालाच्या वाटीत पडले. मग माझ्या लक्षात आलं, हा इतकी वर्षं रात्री मी झोपेत असताना येत असणार, आणि एर्लिंदा माझ्या वाट्यांमधून त्याचेच सांडलेले कण टिपत होती.

फ्रोसिना परत आली. रेबोसो, म्हणजे खांद्यावरची शाल, खुंटीला अडकवला आणि बसता बसता सहज विचारल्यासारखं विचारलं, "फिदे, सूर्य कसा दिसतोय?"

"पिवळाधमक, ताई. बघत राहावं असा."

तिने आत तोंड वळवलं. मग हाक मारली, "एर्लिंदा, जरा इकडे ये गं. या तबकातला सूर्य कुठल्या रंगाचा आहे?"

एर्लिंदा एप्रनला हात पुसत आली. तिने तबकाकडे पाहिलं. नवऱ्याकडे पाहिलं.

"आत्ता पिवळा आहे," ती म्हणाली.

"आत्ता म्हणजे?"

"सकाळी हिरवा होता."

फिदेन्सिओ उठून उभा राहिला. फ्रोसिनाने हात वर करून त्याला थांबवलं. "आणि हिरवा बघून तुला काही वाटलं नाही? मला सांगावंसं वाटलं नाही?"

"मला काय वाटायचंय? तुम्हाला फुली कळते. हिरवा केलात म्हणजे तुम्हाला हिरवा हवा होता." एर्लिंदाचा आवाज एकदम चढला. "आणि बाकीचं म्हणाल तर तुम्ही कधी विचारलं नाहीत. न विचारता नवऱ्याची चहाडी करायला मी काही रिकामी नाही. सांडलेलं तेवढं निवडत होते, तुमचा रंग नासू नये म्हणून."

फिदेन्सिओ खाली बसला. "लोक हसले असते, ताई," तो म्हणाला. "हिरवा सूर्य बघून हसले असते. मला ते बघवलं नसतं."

"माझ्यावर हसले असते ना? मग हसू द्यायचं होतं. ते हसणं तरी माझं असतं." फ्रोसिनाने तबक स्वतःकडे ओढलं. "किती तबकांना हात लावलास?"

"सगळ्या नाही."

"कुठल्या नाही?"

तो आठवायला लागला. मित्रांनो, त्याला खरंच सांगता येईना. सहा वर्षांतलं कुठलं काम तिचं आणि कुठलं त्याचं, हे आता त्यालाही माहीत नव्हतं. फ्रोसिना रडली. नजर गेली तेव्हाही ती इतकी रडली नसेल. फिदेन्सिओही रडला. त्या दिवशी त्या घरात मला पहिल्यांदाच कशाचाही संशय आला नाही, कारण कोणी काही लपवतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने काटा चुलीत घातला नाही. तिने पिवळा सूर्य खरवडून काढला. फुलीचं झाकण उघडलं. तिचा भाऊ दाराशी उभा होता आणि त्याने हात पाठीमागे बांधून घेतले होते. सूर्य पुन्हा हिरवा झाला, आणि तबकाखाली तिने नाव लिहायला सांगितलं. लिहिलं एर्लिंदाने.

जत्रेत मीही होते, तबकाशेजारी. लोक आले, थबकले, एकमेकांकडे बघून "सुंदर" म्हणाले आणि पुढे सरकले. फ्रोसिनाच्या कपाळावर आठी चढत गेली. मग पेर्फेक्तो म्हातारा आला. साठ वर्षं काटा चालवलेला माणूस, कुणाची भीड न ठेवणारा. तो तबकावर वाकला, मिशी चावली आणि म्हणाला, "बाई, तुझा सूर्य हिरवा झालाय."

फिदेन्सिओ पुढे सरसावला आणि जागीच थांबला.

"झाला नाही," फ्रोसिना म्हणाली. "केलाय."

"वाईट दिसतोय."

फ्रोसिनाचा चेहरा असा उजळला की मी तो जन्मभर विसरणार नाही. तिने चाचपत बाजूची खुर्ची ओढली. "बसा, एर्लिंदाकडून मक्याचं गरम आतोले मागवते. अजून काय काय वाईट आहे ते सावकाश सांगा."

म्हातारा बसला. त्याने अर्धा तास सांगितलं. हरणाचे पाय आखूड, झाडाची फांदी कोपऱ्यात कोंबलेली, कड दोन ठिकाणी तुटलेली. ती ऐकत होती, बोटाने ती ती जागा तपासत होती, दोनदा भांडली, एकदा मान्य केलं. सहा वर्षांनी कुणीतरी तिच्या कामाकडे पाहिलं होतं.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या ज्याला दिसत नाही अशा माणसासाठी रंग, कागद, पेट्या घडवील. जरूर घडवा, मायेनेही घडवा. फक्त आधी त्याच्या बोटाला विचारा, आणि एकदा त्याच्या हाती दिलंत की आपले हात पाठीमागे ठेवा. त्याने रंग विचारला तर रंग सांगा. वाईट दिसत असेल तर वाईट दिसतंय म्हणा. पुढे काय करायचं ते त्याचं तो बघेल.